मापनयंत्राची पहिली कसोटी : हवा

समाजाचा बहुतेक व्यवहार मोजमापावर उभा आहे. धान्याची खरेदी असो, जमिनीची मोजणी असो वा औषधाची मात्रा असो, मापावर विश्वास असला तरच व्यवहार सुरळीत चालतो. म्हणूनच माल तोलण्यापूर्वी रिकाम्या तराजूची पारडी समपातळीत आहेत की नाहीत, हे पाहण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार आहे. पारड्यांत पासंग असेल तर पुढचे प्रत्येक वजन त्या पासंगाइतके चुकते आणि तोलणारा कितीही प्रामाणिक असला तरी गिऱ्हाइकाचे नुकसान टळत नाही.

प्रयोगशाळेतील अत्यंत नाजूक यंत्रांनाही हाच नियम लागू आहे. सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने पदार्थांचे विद्युत् गुणधर्म मोजणारी यंत्रणा आज देशातील विद्यापीठांत, अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि संशोधनसंस्थांत वापरली जाते. या यंत्रणेवर धान्य, माती, प्लॅस्टिक किंवा औषधी द्रव यांचा नमुना ठेवण्यापूर्वी जाणकार संशोधक तिच्यात काहीच ठेवत नाही. नमुन्याची जागा रिकामी ठेवून, म्हणजेच तेथील हवेलाच नमुना मानून, तो तिचे मापन करतो. यंत्राने हवेविषयी योग्य उत्तर दिले तरच पुढचे काम सुरू होते. ही साधी पडताळणी का करावयाची, ती कशी होते आणि तिच्यावर कोठवर विसंबावे, हे समजून घेणे उद्‌बोधक ठरेल.

पदार्थाचा एक अदृश्य गुण

धातूच्या दोन पट्ट्या समोरासमोर ठेवून त्यांना विजेचा दाब दिला म्हणजे त्यांवर विद्युत् भार साठतो. पट्ट्यांमधील मोकळ्या जागेत काच, लाख किंवा गंधक यांसारखा वीज न वाहणारा पदार्थ ठेवला तर तेवढ्याच दाबाने अधिक भार साठतो. कोणत्या पदार्थामुळे किती अधिक भार साठतो, याचा पद्धतशीर अभ्यास इंग्लंडमधील मायकेल फॅरडे यांनी १८३७ साली केला. पदार्थाच्या या गुणाला विद्युत् अपार्यता म्हणतात. प्रयोगशाळांतून ‘पर्मिटिव्हिटी’ हे त्याचे इंग्रजी नावच अधिक रूढ आहे.

पूर्ण निर्वात पोकळीची अपार्यता १ धरली जाते आणि इतर पदार्थ तिच्या किती पट आहेत, हे सांगितले जाते. टेफ्लॉनची अपार्यता २ हून किंचित अधिक, पॉलिथीनची सुमारे २.२५ आणि बर्फाची सुमारे ३ आहे. पाण्याची मात्र तब्बल ८० च्या घरात जाते. पाण्याच्या रेणूच्या एका टोकाला धन व दुसऱ्या टोकाला ऋण भार असतो. बाहेरून विद्युत् क्षेत्र आले की हे रेणू त्याच्या दिशेने वळू पाहतात. बर्फात तेच रेणू जागच्या जागी जखडलेले असल्यामुळे सूक्ष्मतरंगांना तसा प्रतिसाद देऊ शकत नाहीत.

पाणी आणि इतर पदार्थ यांच्यातील ही तफावत व्यवहारात फार उपयोगी पडते. कोरड्या धान्याची किंवा कोरड्या मातीची अपार्यता २ ते ४ च्या आसपास असते. त्यात ओलावा शिरला की ती झपाट्याने वाढते. त्यामुळे अपार्यता अचूक मोजता आली तर धान्य न दळता व न वाळवता त्यातील ओल सांगता येते, आणि शेतातील मातीत पाणी किती आहे, याचाही अंदाज करता येतो.

सूक्ष्मतरंग आणि भारतीय परंपरा

सूक्ष्मतरंग म्हणजे प्रकाशाच्याच जातीचे, परंतु डोळ्यांना न दिसणारे, साधारणतः ३० सेंटिमीटरपासून १ मिलिमीटरपर्यंत लांबीचे विद्युत्-चुंबकीय तरंग. त्यांची वारंवारता १ ते ३०० गिगाहर्ट्‌झ असते. एक गिगाहर्ट्‌झ म्हणजे दर सेकंदास शंभर कोटी आंदोलने. रडार, उपग्रह-संदेशवहन आणि घरगुती मायक्रोवेव्ह भट्टी यांत हेच तरंग कामी येतात.

या क्षेत्रातील आद्य संशोधकांत भारताचे स्थान मानाचे आहे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास अवघ्या काही मिलिमीटर लांबीचे तरंग निर्माण करून दाखविले. गंधक आणि काच यांचा या तरंगांसाठीचा अपवर्तनांक त्यांनी मोजला. साध्या, अचुंबकीय पदार्थाच्या अपवर्तनांकाचा वर्ग म्हणजेच त्याची अपार्यता, हे ध्यानी घेतल्यास आजच्या मोजणीचे मूळ त्या प्रयोगांत आढळते. काचेच्या दोन तुकड्यांमधील हवेच्या फटीची जाडी बदलली असता तरंगांच्या परावर्तनात काय फरक पडतो, याचाही त्यांनी १८९७ मध्ये अभ्यास केला होता.

महाराष्ट्रातही या विषयाची परंपरा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७७ साली सूक्ष्मतरंग उपकरणांचा एक विशेष विभाग स्थापन झाला. त्यातूनच पुढे १९८४ मध्ये ‘समीर’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी केंद्र शासनाची स्वायत्त संशोधनसंस्था मुंबईत उभी राहिली. संस्कृत व मराठी भाषेत ‘समीर’ म्हणजे वारा. ज्या विषयात हवेलाच कसोटीचा मान मिळतो, त्या विषयाच्या संस्थेला हे नाव लाभावे, हा एक सुरेख योगायोग होय.

हवाच का?

कसोटीसाठी निवडावयाच्या पदार्थाचे उत्तर आधीच निश्चित ठाऊक असले पाहिजे. तो सर्वत्र उपलब्ध असावा आणि जागोजागी त्याचा गुण बदलू नये. हवा या अटींना उतरते.

हवेची अपार्यता निर्वात पोकळीपेक्षा अगदी किंचित अधिक आहे. ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्‌समान यांनी १८७४ साली ती सुमारे १.०००५९ असल्याचे दाखविले. सूक्ष्मतरंगांचे तंत्र तेव्हा जन्मासही आले नव्हते. पुढे १९५१ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील लुई एसेन आणि के. डी. फ्रूम यांनी २४ गिगाहर्ट्‌झ या वारंवारतेवर हवेचा अपवर्तनांक अत्यंत काटेकोरपणे मोजला. त्यांच्या आकड्यावरून शून्य अंश सेल्सिअस तापमानाच्या कोरड्या हवेची अपार्यता सुमारे १.०००५८ येते. पाऊणशे वर्षांच्या अंतराने, सर्वस्वी वेगळ्या पद्धतींनी मिळालेली ही दोन उत्तरे एकमेकांपासून केवळ एक लक्षांशाच्या आसपास दूर आहेत. असा साक्षीदार विश्वासार्ह मानण्यास हरकत नाही.

येथे एक शंका संभवते. कोकणातील पावसाळी हवा आणि विदर्भातील उन्हाळी हवा एकसारखी कशी मानावी? हवेतील बाष्पामुळे तिची अपार्यता वाढते, हे खरे आहे. तथापि ही वाढ किती, हे पाहणे आवश्यक आहे. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या कोरड्या हवेची अपार्यता सुमारे १.०००५४ असते. तापमान ३० अंश असून हवेत भरपूर दमटपणा असेल, तर ती सुमारे १.०००७५ होते. म्हणजे दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर दोन्ही ठिकाणी १.०० हेच राहते. बहुतेक महाविद्यालयीन उपकरणांना यापलीकडचा फरक कळतही नाही. त्यामुळे रत्नागिरीच्या पावसात काय आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात काय, यंत्राने हवेचे उत्तर १.०० असेच दिले पाहिजे. दमट हवेने खरा त्रास होतो तो निराळ्या मार्गाने : जोडांवर व नळीच्या आतील भागावर ओलावा किंवा गंज धरला की यंत्रच बिघडते.

अतिशय सूक्ष्म कामात मात्र हवा आणि पोकळी यांतील भेदही मोजावा लागतो. धातूच्या बंद कोठीत ठरावीक वारंवारतेचे तरंग घुमू लागतात. १० गिगाहर्ट्‌झवर घुमणारी निर्वात कोठी हवेने भरली, तर तिची वारंवारता सुमारे ३ मेगाहर्ट्‌झने खाली येते. एसेन यांनी अशाच निर्वात कोठीच्या साहाय्याने १९५० साली प्रकाशाचा वेग सेकंदास २,९९,७९२.५ किलोमीटर असा काढला. १९८३ मध्ये आंतरराष्ट्रीय व्याख्येने निश्चित झालेला २,९९,७९२.४५८ हा आकडा त्याच्या किती जवळ आहे, हे सांगावयास नको.

महाविद्यालयातील प्रयोग

सूक्ष्मतरंगांचा महाविद्यालयातील प्रयोग सामान्यतः एका लांब बाकावर मांडलेला असतो. एका टोकास क्लायस्ट्रॉन किंवा गन डायोड हा तरंगांचा उगम असतो. तेथून तरंग चौकोनी पोकळ धातूच्या नळीतून, म्हणजेच वेव्हगाइडमधून, पुढे जातात. वाटेत तरंगांची तीव्रता कमीजास्त करणारा भाग आणि वारंवारता दाखविणारा मापक असतो. त्यानंतर वरच्या बाजूस लांब खाच असलेली नळी येते. या खाचेतून एक बारीक सुई आत उतरविलेली असून ती मापनपट्टीवरून पुढेमागे सरकविता येते. अखेरच्या टोकास नमुना ठेवण्याची जागा असते व तिच्यामागे धातूची पट्टी लावून नळी बंद केलेली असते.

बंद टोकावर आदळून तरंग परत फिरतात. जाणारे आणि येणारे तरंग एकमेकांत मिसळून नळीत स्थिर तरंग तयार होतात. ताणलेल्या दोरीचे एक टोक खुंटीस बांधून दुसरे हलविले असता काही बिंदू जागच्या जागी स्तब्ध राहिलेले दिसतात, तसाच हा प्रकार आहे. सुई सरकवीत नेली असता ठरावीक अंतरावर तीव्रता शून्याजवळ येते. लगतच्या अशा दोन निस्पंद बिंदूंमधील अंतर म्हणजे नळीतील तरंगलांबीचा निम्मा भाग होय.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. एक्स बँड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यातील प्रचलित नळीची आतील रुंदी २२.८६ मिलिमीटर व उंची १०.१६ मिलिमीटर असते. वारंवारता १० गिगाहर्ट्‌झ असल्यास मोकळ्या जागेतील तरंगलांबी २९.९८ मिलिमीटर होते. नळीच्या भिंतींमुळे आतील तरंग लांबतात आणि हवा भरलेल्या नळीत तरंगलांबी ३९.७१ मिलिमीटर भरते. म्हणजे दोन निस्पंद बिंदूंमध्ये १९.८५ मिलिमीटर अंतर सापडले पाहिजे.

अपार्यता काढण्याचे गणित शालेय पातळीचे आहे. मोकळ्या जागेतील तरंगलांबीस नळीतील तरंगलांबीने भागून वर्ग करावा, तो ०.५७० येतो. पुन्हा मोकळ्या जागेतील तरंगलांबीस नळीच्या रुंदीच्या दुपटीने भागून वर्ग करावा, तो ०.४३० येतो. दोहोंची बेरीज १.००० होते. हीच नळीत भरलेल्या पदार्थाची, म्हणजे हवेची, अपार्यता.

उत्तर चुकते तेव्हा

या प्रयोगाचे खरे मोल बरोबर उत्तरापेक्षा चुकलेल्या उत्तरात अधिक आहे. उत्तर ठाऊक असल्यामुळे चूक लपून राहत नाही आणि तिचे मूळही शोधता येते.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने सोयीसाठी नळीची रुंदी २२.८६ ऐवजी २३ मिलिमीटर धरली. इतर सर्व मोजणी निर्दोष असली तरी त्याचे उत्तर ०.९९५ येईल. साध्या हवेची अपार्यता निर्वात पोकळीहून कमी असू शकत नाही. म्हणून हा आकडा दिसताच कोठेतरी चूक झाली असल्याची शंका आली पाहिजे. वारंवारतामापक एक टक्का चुकीचा असेल, तर उत्तरात दोन टक्क्यांची चूक शिरते. निस्पंद बिंदूचे स्थान वाचताना ०.१ मिलिमीटरची चूक झाली, तर केवळ एकाच अंतरावर विसंबणाऱ्याचे उत्तर सुमारे ०.००६ ने ढळते. तीन अंतरे सलग मोजून त्यांची सरासरी घेतल्यास हीच चूक सुमारे ०.००२ वर येते. एका मोजणीपेक्षा अनेक मोजण्यांची सरासरी का घ्यावी, हे समजावून सांगण्यासाठी शिक्षकांना यासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

यावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. अशा बाकावरील मोजणीत राहणारी अनिश्चितता हवा व पोकळी यांतील ०.०००६ या फरकापेक्षा मोठी आहे. त्यामुळे विद्यार्थ्याने १.०००६ असे उत्तर लिहून आणले तर ते कौतुकास्पद नसून संशयास्पद मानले पाहिजे. ‘०.९९९, अधिक-उणे ०.००२’ असे लिहिणारा विद्यार्थी आपल्या यंत्राची कुवत ओळखतो. प्रामाणिक मोजणीत उत्तराबरोबर त्याची मर्यादाही नोंदविली जाते.

संगणकयुगातील यंत्रणा

अलीकडे सुई सरकवीत बसण्याचे काम पुष्कळ ठिकाणी व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर या यंत्राने घेतले आहे. हे यंत्र शेकडो वारंवारतांवर तरंग पाठविते, नमुन्याने किती भाग परतविला व किती पलीकडे जाऊ दिला, हे नोंदविते आणि संगणकाच्या मदतीने अपार्यतेचा आलेख क्षणार्धात काढते. यासाठी वापरले जाणारे प्रसिद्ध सूत्र निकल्सन आणि रॉस यांनी १९७० मध्ये व वेअर यांनी १९७४ मध्ये मांडले.

यंत्र जितके स्वयंचलित, तितका मनुष्य त्यावर आंधळेपणाने विसंबण्याचा धोका अधिक. पडद्यावर उमटलेला सुबक आलेख खोटा असू शकतो, हे चटकन ध्यानात येत नाही. म्हणून येथे रिकाम्या नमुनापात्राची चाचणी अधिकच महत्त्वाची ठरते. प्रथम ज्ञात जोडण्या लावून यंत्राचे अंशशोधन करावयाचे, नंतर रिकामे पात्र जोडावयाचे आणि आलेख पाहावयाचा. सर्व ठीक असल्यास संपूर्ण पट्ट्यात १.०० वर एक सपाट रेषा उमटते आणि ऊर्जेचा ऱ्हास शून्याजवळ राहतो.

रेषा सपाट नसेल तर तिच्या आकारावरून दोषाचे निदान होते. रेषेवर लाटांसारखे चढउतार असतील, तर जोडांवर तरंग पुन्हापुन्हा परतत आहेत, म्हणजे जोड सैल, मळलेला किंवा अंशशोधन अपुरे आहे, असे समजावे. गोल समाक्ष नळीचे पात्र असून उत्तर सर्वत्र सारखेच दोन टक्क्यांनी चुकत असेल, तर बहुधा पात्राची लांबी संगणकात एक टक्का चुकीची भरली गेली आहे. पदार्थात ऊर्जा नष्ट होण्याऐवजी उत्पन्न होत आहे, असे यंत्र सांगू लागले तर ते अर्थातच अशक्य आहे. केबल हलली, खोलीचे तापमान बदलले किंवा सकाळचे अंशशोधन दुपारपर्यंत शिळे झाले, असे मानावे. यंत्र सुरू करून ते पुरेसे तापू न देता घाईने काम आरंभिल्यासही असाच अनुभव येतो.

एका दोषाचे खापर मात्र यंत्रावर फोडू नये. पात्राची लांबी तरंगलांबीच्या निम्म्याइतकी होते, त्या वारंवारतेजवळ वरील सूत्र डळमळते आणि आलेखावर अणकुचीदार सुळके दिसतात. हा सूत्राचा गुणधर्म आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकसंस्थेतील जेम्स बेकर-जार्विस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये त्यावर सुधारित गणनपद्धती सुचविली. आखूड पात्र वापरणे हा त्याहून सोपा उपाय होय.

साक्षीची मर्यादा

हवेची परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणजे यंत्र सर्वतोपरी निर्दोष ठरले, असा समज करून घेणे चूक ठरेल. रिकामी पारडी समपातळीत असली तरी दुकानातील किलोचे माप खरोखर किलोभर आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रमाणित वजन ठेवूनच पाहावे लागते. हवेची चाचणी यंत्राचा आरंभबिंदू तपासते; पुढील सर्व पल्ला ती तपासू शकत नाही.

म्हणून हवेनंतर ज्ञात अपार्यतेचा एखादा घन पदार्थ, बहुधा टेफ्लॉन, तपासण्याची पद्धत आहे. येथे हवाच पुन्हा निराळ्या रूपाने समोर येते. टेफ्लॉनचा ठोकळा नळीत घट्ट बसला नाही आणि त्याच्या व नळीच्या रुंद भिंतीच्या मध्ये केसाइतकी फट राहिली, तर त्या फटीतील हवेमुळे उत्तर खऱ्याहून कमी येते. पदार्थाची अपार्यता जितकी मोठी, तितकी ही चूक वाढत जाते. रिकाम्या पात्रात साक्षीदार असलेली हवा भरलेल्या पात्रात अशा रीतीने आरोपी ठरते. नमुना काळजीपूर्वक घडविणे हाच त्यावरील उपाय आहे.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. द्रव किंवा ओलसर पदार्थांसाठी समाक्ष केबलचे उघडे टोक नमुन्यास टेकवून मोजणी करण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत यंत्राचे अंशशोधनच हवा, धातूची पट्टी आणि ज्ञात तापमानाचे शुद्ध पाणी यांच्या आधारे करतात. अंशशोधन होताच लगेच हवा मोजली तर उत्तर १ येणारच, कारण हवेचे उत्तर १ आहे, हे यंत्राला आपणच सांगितलेले असते. जो पंच होता तोच साक्षीदार म्हणून उभा करण्यासारखे हे आहे. अशा वेळी अंशशोधनात न वापरलेला पदार्थ, उदाहरणार्थ मिथेनॉल, तपासला तरच पडताळणीला अर्थ प्राप्त होतो. मिथेनॉल विषारी असल्याने ते हाताळताना योग्य ती दक्षता घेणे अगत्याचे आहे. मात्र दोन-तीन तासांच्या कामानंतर पुन्हा हवा मोजून पाहिल्यास यंत्र मधल्या काळात ढळले आहे की नाही, एवढे तरी निश्चित कळते.

शेत आणि बाजारपेठ यांच्याशी नाते

हा विषय केवळ शास्त्रज्ञांच्या जिज्ञासेपुरता आहे, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. बाजार समित्यांत सोयाबीनची ओल मोजण्यासाठी ठेवलेली विजेवर चालणारी अनेक यंत्रे धान्याची अपार्यताच मोजतात. त्यांतील वारंवारता सामान्यतः सूक्ष्मतरंगांहून बरीच कमी असते, परंतु तत्त्व एकच. सोयाबीनसाठी ओलाव्याची प्रचलित मर्यादा १२ टक्के मानली जाते. यंत्र एका टक्क्याने चुकले तर त्याचा अर्थ क्विंटलमागे सुमारे एक किलोचा वाद असा होतो. मर्यादेच्या काठावरचा माल तर स्वीकारला जाणार की परत जाणार, हेच त्या एका टक्क्यावर अवलंबून राहते. रिकाम्या पात्राची चाचणी व त्यानंतर ज्ञात ओलाव्याच्या नमुन्याची चाचणी हा क्रम तेथेही पाळला जाणे शेतकरी व खरेदीदार या दोघांच्याही हिताचे आहे.

मातीतील ओलाव्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. कॅनडातील टॉप, डेव्हिस आणि अन्नान यांनी १९८० मध्ये मातीच्या अपार्यतेवरून तीतील पाण्याचे प्रमाण काढण्याचे सूत्र प्रसिद्ध केले व ते जगभर वापरले जाऊ लागले. मातीची अपार्यता १० च्या आसपास असताना तीत केवळ १ अंकाची चूक झाली, तर या सूत्रानुसार पाण्याचे प्रमाण सुमारे दोन टक्क्यांनी चुकते. तीस सेंटिमीटर खोलीच्या थरात हा फरक सुमारे ६ मिलिमीटर पाण्याचा, म्हणजे हेक्टरी जवळजवळ ६० हजार लिटरांचा होतो. पाण्याच्या प्रत्येक पाळीचा हिशेब ठेवणाऱ्या कोरडवाहू भागात हा आकडा क्षुल्लक म्हणता येणार नाही. महाराष्ट्रातील काळ्या चिकण मातीला हे सर्वसाधारण सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. तिच्यासाठी प्रयोगशाळेत स्वतंत्र मोजणी करावी लागते आणि त्या मोजणीचा प्रारंभ रिकाम्या पात्रापासूनच होतो.

आकाशातून होणारी पाहणीही याच पायावर उभी आहे. अमेरिकेचा ‘स्मॅप’ हा २०१५ साली सोडलेला उपग्रह जमिनीतून येणाऱ्या सूक्ष्मतरंगांवरून मातीतील ओल अजमावण्यासाठी योजिलेला आहे. भारत व अमेरिका यांचा ‘निसार’ हा संयुक्त उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून प्रक्षेपित झाला. मातीचा ओलावा जाणून घेणे हे त्याच्या उद्दिष्टांपैकी एक आहे. उपग्रहाकडून आलेल्या संकेतांचा अर्थ लावण्यासाठी कोणती माती किती ओलाव्यास कशी वागते, याची प्रयोगशाळेत तयार केलेली कोष्टके लागतात. कोष्टक करताना यंत्रात पासंग राहिला, तर तो उपग्रहाच्या नकाशापर्यंत पोहोचतो आणि तेथून नियोजनाच्या कागदावर उतरतो.

नोंदवहीतील पहिली ओळ

वजने व मापे यांच्या बाबतीत देशाने १९५६ साली मेट्रिक मानकांचा कायदा केला आणि आजचा वैधमापनशास्त्र अधिनियम २००९ साली संमत झाला. दुकानातील मापाची वेळोवेळी तपासणी होऊन त्यावर मुद्रा उमटली पाहिजे, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. प्रयोगशाळेतील यंत्राला असा निरीक्षक दररोज भेटत नाही. तेथे संशोधकाने स्वतःच निरीक्षक व्हावयाचे असते, आणि हवा हे त्याला विनामूल्य मिळालेले मानक आहे.

दिवसाचे काम सुरू होण्यापूर्वी तारीख, वेळ, तापमान, दमटपणा आणि रिकाम्या पात्राचे उत्तर नोंदवहीत लिहिण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. काम संपताना तीच चाचणी पुन्हा करून दुसरी ओळ लिहावी. दोन्ही ओळी जुळल्या, तर मधल्या सर्व मोजण्यांना आधार मिळतो. त्या जुळल्या नाहीत, तर कोणत्या मोजण्या पुन्हा कराव्या लागतील, हे त्याच दिवशी कळते. वर्षभराच्या अशा नोंदींवरून यंत्र हळूहळू कोणत्या बाजूस झुकत आहे, हेही उमगते.

तपासणी-अहवालावर विसंबून निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला, विद्यार्थ्यांकडून प्रयोग करवून घेणाऱ्या शिक्षकाला किंवा गावातील धान्यखरेदीवर लक्ष ठेवणाऱ्या पंचायत सदस्याला सूक्ष्मतरंगांचे गणित येण्याची आवश्यकता नाही. नमुना ठेवण्यापूर्वी रिकाम्या यंत्राने काय उत्तर दिले आणि त्यानंतर कोणत्या ज्ञात पदार्थावर ते पडताळले, हे दोन प्रश्न त्याने विचारले तरी पुरे. ज्या प्रयोगशाळेपाशी या दोन प्रश्नांची लेखी उत्तरे आहेत, तिच्या आकड्यांवर भरवसा ठेवण्यास सबळ कारण आहे.